एसएसपीचा अर्ज कुठवर आला? सीमाभागातल्या एका सीनियर-ज्युनियर जोडीचं प्रकरण

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या तिन्ही विषयांच्या पहिल्या अंतर्गत परीक्षेत नापास. थिअरीची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली, प्रॅक्टिकलची ८० च्या खाली. अशीच राहिली तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येणार नव्हतं. नेमून दिलेल्या शिक्षक-मेंटॉरनी तिला बोलावून घेतलं तेव्हा ती म्हणाली, "सगळं ठीक आहे, सर." फॉर्मवर शेरा पडला: लाजाळू आहे, इंग्रजी कच्चे, अभ्यास वाढविण्यास सांगितले.

तो शेरा खोटा नव्हता, पण त्यातून पुढे काहीच होणार नव्हतं. जे काही झालं ते तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीमुळे. हे प्रकरण कुण्या एकीचं नाही. खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यातून डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलामुलींच्या वाट्याला जे येतं, त्यातून ते बांधलेलं आहे. म्हणून यात कॉलेजला आणि माणसांना नावं नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलीला मी धाकटी म्हणतो. तिसऱ्या वर्षाची मुलगी वसतिगृहात सगळ्यांची होती तीच इथेही: अक्का.

धाकटी

जांबोटीच्या पुढचं, जंगलाला लागून असलेलं गाव. वडील पावसाळा सोडून वीटभट्टीवर, आई मिळेल त्या रोजगाराला. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. शाळा सरकारी आणि मराठी, मग खानापूरला पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी सायन्स, आणि तिथे एकदम इंग्रजी. कन्नड शाळेत विषय म्हणून होतं. अक्षरं येतात, बसची पाटी वाचता येते, पण कन्नडमधून कुणाशी चार वाक्यं भांडायची वेळ आली तर ती गप्प बसेल.

सीमाभागातल्या मराठी मुलाची वाट किती आडवळणाची आहे, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. नीटची प्रश्नपत्रिका १३ भाषांत निघते, त्यांत मराठी आहे. पण मराठीची पुस्तिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच मिळते. कर्नाटकातलं केंद्र घेतलं की मराठी गेली. कर्नाटकात पहिली ते दहावी कन्नड माध्यमात शिकलेल्यांसाठी ५ टक्के आणि ग्रामीण भागात शिकलेल्यांसाठी १५ टक्के जागा राखीव असतात. धाकटी दुसऱ्यात बसते, पहिल्यात नाही. महाराष्ट्र सरकार वादग्रस्त सीमाभागातल्या मुलांसाठी तिकडच्या कॉलेजांत काही जागा ठेवतं, पण त्या मोजक्या, आणि त्यासाठी कागद जमवणं हा एक वेगळाच अभ्यासक्रम आहे. धाकटीला जागा मिळाली ती कर्नाटक राज्याच्या कोट्यातून, अनुसूचित जातीच्या आरक्षणात. २०२२ साली कर्नाटकानं हे आरक्षण १५ वरून १७ टक्क्यांवर नेलं.

अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनं २००३ साली 'वैद्यकात अल्पप्रतिनिधित्व असलेले' कोण याची नवी व्याख्या केली: लोकसंख्येत ज्यांचा जेवढा वाटा आहे, त्या मानानं डॉक्टरांमध्ये ज्यांचा वाटा कमी, ते समूह. व्याख्या चांगली आहे, कारण ती कुठेही लावून पाहता येते. आपल्याकडे लावली तर एकाच मुलीवर तीन-चार थर बसलेले दिसतात: जात, पहिली पिढी, मराठी माध्यम, जंगलातलं गाव. आरक्षण तिला दारापर्यंत आणतं. आत शिरल्यानंतर पहिल्या वर्षभरात काय होतं, याकडे कॉलेजांचं लक्ष फार थोडं असतं.

निदान

अक्का निपाणीकडची. आई तंबाखूच्या वखारीत. तीही याच वाटेनं आलेली, पहिल्या वर्षी एका विषयात अडकलेली आणि पुरवणी परीक्षेत सुटलेली. कॉलेजनं नुकतीच एक योजना सुरू केली होती: वरच्या वर्गातल्या काही जणांनी पहिल्या वर्षाच्या दोघा-तिघांकडे लक्ष द्यायचं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मानसिक आरोग्य कृतिदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्या सर्वेक्षणात एमबीबीएसच्या २७.८ टक्के विद्यार्थ्यांनी आपल्याला मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं होतं. त्यानंतर अशा योजना बऱ्याच ठिकाणी कागदावर आल्या. इथे ती कागदावरून थोडी खाली उतरली, कारण समन्वयक मॅडमना तिच्यात रस होता.

पहिल्या भेटीत अक्कानं "काही अडचण आहे का?" असं विचारलंच नाही. तिनं विचारलं, "एसएसपीचा अर्ज कुठवर आला?"

एसएसपी म्हणजे कर्नाटक राज्याचं स्कॉलरशिप पोर्टल. त्यात जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर टाकावा लागतो. नंबर टाकल्यावर दाखल्यावरचं नाव समोर येतं, आणि ते बाकीच्या कागदांवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. धाकटीच्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव एका स्पेलिंगनं होतं आणि दाखल्यावर एक 'ए' जास्त. मराठी आडनाव कन्नडमधून इंग्रजीत गेलं की हे हमखास होतं. निपाणी-खानापूरच्या कुठल्याही सायबर कॅफेवाल्याला विचारा. अर्ज अडकला होता. दुरुस्तीसाठी नाडकचेरी, म्हणजे दाखले देणारं महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय, तिथून तहसीलदार कार्यालय, प्रतिज्ञापत्र, पुन्हा नाडकचेरी. ही कार्यालयं रविवारी उघडी नसतात. वडिलांनी एक दिवस गेलं की एक दिवसाची मजुरी बुडते, आणि कन्नडमधला फॉर्म त्यांना वाचता येत नाही. मग धाकटीच जात होती, कधी सोमवारी, कधी बुधवारी. पावसात जांबोटीची बस चुकली की दुसरा दिवसही गेला.

हजेरी कमी का, याचं उत्तर एवढंच होतं. सकाळी आठचं लेक्चर बुडत होतं ते आळसानं नव्हे.

हे तिनं सरांना का सांगितलं नाही? कारण स्कॉलरशिपचं बोलायचं म्हणजे जात सांगायची. वर्गात ती आधीच दुसऱ्या मार्गानं विचारली गेली होती. आपल्या कॉलेजांत "तुझी जात कोणती?" असं कुणी विचारत नाही. "तुझा रँक किती?" असं विचारतात, आणि बाकीचं आपोआप कळतं. धाकटीनं रँक सांगितला होता. त्यानंतर डिसेक्शनच्या टेबलावर तिची जागा हळूहळू मागे सरकत गेली.

शिक्षकांनी सहानुभूती दाखवली नाही असं मला म्हणायचं नाही. सर चांगले होते. पण कुठला प्रश्न विचारायचा हे त्यांना ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. अक्कानं तो फॉर्म स्वतः भरला होता, ती स्वतः त्याच रांगेत उभी राहिली होती. समवयस्क मेंटॉरची खरी किंमत मला इथे दिसते. तिच्याकडे ज्ञान शिक्षकापेक्षा कमीच असतं आणि मायाही जास्त असेलच असं नाही. वाटेतला खड्डा नेमका कुठे आहे, हे मात्र तिला दोन वर्षांपूर्वीच्याच आठवणीतून माहीत असतं. दहा वर्षांनी तीच अक्का प्राध्यापक झाली की तिलाही तो आठवणार नाही.

नावाची दुरुस्ती समन्वयक मॅडमच्या एका पत्रामुळे आणि कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागातल्या क्लार्कनं केलेल्या दोन फोनमुळे पुढे सरकली. पैसे उशिरानंच आले. पण खानापूरच्या फेऱ्या थांबल्या.

तोंडी परीक्षा

दुसरा भाग अभ्यासाचा. लेखी पेपरात धाकटी सांगितलं जातं तितकी कच्ची नव्हती. व्हायवात मात्र तिच्या तोंडून शब्दच फुटत नव्हता. ती मराठीत विचार करायची, मनात इंग्रजी वाक्य जुळवायची, आणि ते जुळेपर्यंत परीक्षक पुढच्या प्रश्नावर गेलेले असायचे.

पण भेटायचं कुठे? रॅगिंगविरोधी नियमांमुळे पहिल्या वर्षाच्या मुलींचं वसतिगृह वेगळं आणि सीनियरना तिथे मज्जाव. नियम योग्यच आहे, आणि त्यामागे काय काय घडलेलं आहे हे विसरता येत नाही. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातल्या निवासी डॉक्टरनं जीव दिला, आणि जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवला गेला तो तीन सीनियर डॉक्टरांवर. सीनियर या नात्यात सत्ता आहे. तिला मेंटॉर असं नाव दिलं म्हणून ती विरघळत नाही. म्हणून इथे मॅडमनी भेटीची जागा ठरवून दिली: रविवारी दुपारी ग्रंथालयाची खालची वाचनखोली, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याला दोघी दिसतील. आणि धाकटीला एकटीला बोलावून सांगितलं की तुला मेंटॉर बदलून हवी असेल तर कारण न देता बदलून मिळेल. तिनं बदलली नाही. पण तसं करता येतं हे ठाऊक असण्यानंही फरक पडतो.

अक्काची पद्धत साधी होती. आधी मराठीत सांग, अंगावर दाखव, मग इंग्रजीत फक्त तीन वाक्यं: काय आहे, कुठे आहे, दुखावलं तर काय होतं.

"कोपर दाराला आपटलं की काय होतं गे?"

"करंगळीत मुंग्या येतात."

"का?"

इथून अल्नर नर्व्ह सुरू व्हायची. दंडाच्या हाडाच्या आतल्या उंचवट्यामागून, मीडियल एपिकाँडाइलमागून ती जाते, कातडीखाली लगेच हाताला लागते, म्हणून मार बसतो. हाडाच्या मधल्या भागात मागच्या खोबणीतून जाणारी रेडियल; तिथे हाड मोडलं तर मनगट लुळं पडतं. वर, सर्जिकल नेकपाशी, ॲक्सिलरी. एकाच हाडावर तीन जागा, तीन नसा, तीन वेगळी दुखणी. ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं, धाकटीनं पाठ केलेलं होतंच: सी-५ ते टी-१ अशी पाच मुळं, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड, पाच मुख्य शाखा. पण ती ते पाढ्यासारखं म्हणायची आणि मध्ये कुणी टोकलं की पहिल्यापासून सुरू करायची. अक्का मुद्दाम मध्येच टोकायची. सुरुवातीला धाकटी रडकुंडीला आली. नंतर तिलाच त्यात मजा येऊ लागली, आणि ती उलटं अक्कालाच विचारायला लागली. अक्काला सगळं आठवत होतं असंही नाही.

इंग्रजी सुधारण्याचा वेगळा वर्ग लावावा अशी एक सूचना आली होती. तो लागलाही असता तर वाईट नव्हतं. पण मोठ्यानं बोलायचा सराव, तोही ज्याच्यासमोर चुकायला लाज वाटत नाही अशा माणसासमोर, हे औषध इथे जास्त लागू पडलं. जोडी फार दूरची नसावी याचं हेही एक कारण. नुकतंच शिकलेल्या माणसाला आपलं अडलं कुठे होतं ते अजून दिसत असतं.

रायबागचा मुलगा

बेळगावात चार मराठी मुलं एका टेबलावर बसली की त्याचा अर्थ लावणारे लोक असतात. १ नोव्हेंबरला इथे एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे काळा दिन. त्या दोन्हींतून वाट काढत लोक दूध आणायला जातात. रविवारच्या बैठकीला आणखी दोन मराठी मुली यायला लागल्या तेव्हा वसतिगृहात कुणीतरी 'मराठी मंडळ' म्हणालं. थट्टा होती, पण मॅडमनी ती मनावर घेतली आणि गट भाषेवर उभा राहायचा नाही असं ठरवलं. निकष बदलला: घरातला पहिला किंवा पहिली. त्यामुळे रायबाग तालुक्यातला, कन्नड माध्यमातून आलेला एक मुलगा आत आला. इंग्रजीची भीती त्यालाही तेवढीच, वडील त्याचेही दुसऱ्याच्या शेतात. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच.

दुसऱ्या वर्षापासून वॉर्डात पोस्टिंग लागतं. तिथे पेशंटच्या तीन भाषा: कन्नड, मराठी आणि मुसलमान घरांतली दखनी. चंदगड-आजऱ्याकडून आलेला पेशंट मराठी बोलतो, गोकाककडचा कन्नड. रायबागच्या मुलानं धाकटीला वॉर्डातली कन्नड शिकवली, पुस्तकातली नव्हे: "एन त्रास ऐत्री? एष्ट दिना आत्री?" तिनं त्याला खानापूरची मराठी शिकवली, ज्यात पोटात 'कळ' येते, 'मुरडा' येतो आणि 'आग' पडते, आणि या तिन्हींचा अर्थ वेगळा असतो. हिस्ट्री घेणं म्हणजे निम्मं निदान असं प्राध्यापक सांगतात. मग कळ आणि आग यांतला फरक ज्याला कळतो तो विद्यार्थी मागासलेला कसा, हा प्रश्न मला पडतो.

शिक्षकांचं मत बदललं ते वॉर्डाच्याही आधी, गावात. आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात विद्यार्थी पहिल्या वर्षापासून खेड्यातल्या घरांशी जोडून घेतात. या तुकडीला मिळालेलं गाव बहुतेक मराठी बोलणारं होतं. बंगळूर-म्हैसूरकडची मुलं फॉर्म घेऊन ओसरीवर उभी, आणि आतली म्हातारी कुणाशी बोलायला तयार नाही. धाकटी चुलीजवळ जाऊन बसली. तासाभरात म्हातारीच्या रक्तदाबाच्या बंद केलेल्या गोळ्या, त्या बंद करण्याचं कारण, सुनेचं बाळंतपण, सगळं वहीत आलं. सोबत आलेल्या सरांनी तिला इतकं बोलताना पहिल्यांदा पाहिलं. लाजाळू हा शेरा लिहिणारे तेच सर.

याला दुसरी बाजूही आहे. त्या दिवसापासून जो तो तिला भाषांतराला बोलवायला लागला. पेशंट मराठी दिसला की, "ए, जरा इकडे ये." तिची स्वतःची केस अर्धी राहायची. फुकटचा दुभाषी मिळाला की यंत्रणा सुखावते, हे अक्काला माहीत होतं, कारण निपाणीची म्हणून तिचंही हेच झालं होतं. तिनं धाकटीला एक वाक्य शिकवलं: "माझी केस संपली की येते." ते वरच्या वर्गाला ऐकवायला धाकटीला बराच वेळ लागला.

अक्काची हजेरी

इथवर सगळं गोड आहे, आणि अहवाल लिहिणारे बहुधा इथेच थांबतात.

पहिल्या वर्षाचा निकाल लागायच्या सुमाराला अक्काकडे अधिकृत दोन आणि अनधिकृत पाच-सहा मुलं झाली होती. कुणाचा अर्ज अडला की अक्का, कुणी रडलं की अक्का. शिक्षकही वर्गातलं कच्चं मूल दिसलं की "तिला भेट" म्हणून मोकळे व्हायला लागले. अशा घरांतून येऊन तिसऱ्या वर्षापर्यंत पोचलेले कॉलेजात थोडे, म्हणून जी पोचली तिच्यावर सगळा भार. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आमाडो पडिया यांनी १९९४ साली याला सांस्कृतिक कर म्हटलं होतं. आपल्या समाजाच्या नावानं येणारं प्रत्येक काम त्या समाजातल्या मूठभर लोकांनीच करायचं, आणि ते कुठल्याही मूल्यमापनात धरलं जात नाही. अक्का हा कर तक्रार न करता भरत होती. एका विषयाच्या अंतर्गत परीक्षेला ती बसलीच नाही, कारण आदल्या रात्री एक मुलगी "जगावंसं वाटत नाही" म्हणत तिच्याजवळ बसून होती. अक्कानं हे सकाळपर्यंत कुणालाही कळवलं नाही. वचन दिलं होतं म्हणे.

मॅडम तिच्यावर रागावल्या नाहीत, यंत्रणेवर रागावल्या. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीवर हा निर्णय टाकलाच कसा गेला? त्यानंतर नियम लिहून काढले गेले. एका मेंटॉरकडे दोनच जण. प्रत्येक ज्युनियरला दोन सीनियर, म्हणजे एकीची परीक्षा असली तर दुसरी असते. जिवाचं बोलणं निघालं तर वचन मोडायचं: त्याच रात्री ठरवून दिलेल्या शिक्षिकेला फोन, मानसोपचार विभागाला निरोप, आणि कुणीच उचललं नाही तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. हे ज्युनियरला पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं, म्हणजे नंतर दगा वाटत नाही. आणि शिक्षकांनी मुलं परस्पर सीनियरकडे पाठवायची नाहीत.

अक्काच्या एका सल्ल्याशी मी सहमत नाही. तिनं धाकटीला सांगितलं होतं, "जात कुणाला कळू देऊ नकोस. मी लपवली, तूही लपव." तिच्या जागी तो शहाणपणाचा होता. पण त्यामुळे टेबलावर मागे ढकललं गेल्याची तक्रार धाकटीनं कधी केलीच नाही, कॉलेजात त्यासाठी कक्ष असून. मेंटॉर आपल्या सोसण्याच्या युक्त्याही वारशात देतो, आणि त्यांतल्या काही पुढच्या पिढीनं घेऊ नयेत अशा असतात. मेंटॉरांच्या प्रशिक्षणात यावर एक तास ठेवा असं मॅडमना सुचवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तास ठेवते, पण शिकवणार कोण?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सध्याची स्थिती

विद्यापीठाच्या परीक्षेत धाकटी शरीररचना आणि शरीरक्रिया या विषयांत पास झाली, जीवरसायनात राहिली. पुरवणीत तोही विषय सुटला आणि ती आपल्याच तुकडीबरोबर पुढे गेली. अक्काची बुडलेली अंतर्गत परीक्षा विभागानं वेगळी घेतली, त्यासाठी मॅडमना दोन बैठका लढवाव्या लागल्या. मेंटॉरना त्यांच्या वेळेचं प्रमाणपत्र मिळू लागलं आहे. प्रवास आणि फोनच्या खर्चाचा प्रस्ताव लेखा विभागात पडून आहे.

यंदा नव्या तुकडीसाठी मेंटॉर हवे होते. रायबागच्या मुलानं लगेच नाव दिलं. धाकटीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "औंदा नको, मॅडम. आधी फार्माचं बघते." एका सरांना हे कृतघ्नपणाचं वाटलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मॅडमनी यादीत तिच्या नावापुढे 'नाही' लिहिलं आणि कारणाचा रकाना फॉर्मवरून काढून टाकला.